चौथ्या ओळीला टेकणारी चाल

दाढी करताना हनुवटीखालचा भाग आला की मी गुणगुणतो, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. गालांना काही नाही, मिशीच्या कडेला काही नाही. मान मागे टाकून गळ्याची कातडी ताणली की आपोआप सुरू. हा शोध माझ्या मुलीचा, अबोलीचा. शाळेची बस यायला अवकाश होता आणि ती वेणीला रिबीन बांधत दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, मुझे यही वाला सिखा दो. स्कूल के लिए." मी विचारलं, कुठलं? "यही, जो आप अभी गा रहे हो. रोज़ गाते हो." मी आरशात पाहिलं. आरशातला पंचेचाळिशीचा गृहस्थ अर्ध्या चेहऱ्याला फेस लावून, ओठ मिटून उभा होता. तो काही गात असेल असं त्याच्या तोंडावरून कुणालाही वाटलं नसतं. पण गळ्यात शेवटचा सूर अजून बोटाला लागत होता, म्हणजे मुद्देमालासकट सापडलो होतो. हात्तिच्या, एवढंच ना, म्हणून मी शब्द म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडात शब्दच नव्हते. एकही नाही. ब्लेड कुठंतरी लागलं. तुरटी शोधता शोधता मी तिला म्हटलं, संध्याकाळी शिकवतो.

अबोली लखनौचीच. आम्ही इंदिरा नगरात राहायला आलो त्याच वर्षी झालेली. घरात तिच्याशी मराठीत बोललं जातं आणि ती हिंदीत उत्तर देते. जेवलीस का विचारलं की 'हाँ, खा लिया'. यात भांडण नाही, रुसवा नाही; नळ उघडला की पाणी यावं तशी तिच्या तोंडून हिंदी येते. आम्हीही सब्जी, भैया, अच्छा करत अर्धे तिकडचे झालो आहोत, तेव्हा तिला बोल लावायला तोंड नाही. शाळेच्या वार्षिकोत्सवात यंदा प्रत्येक वर्गातून काही मुलांनी आपापल्या घरच्या भाषेतलं गाणं म्हणायचं होतं, आणि आठवीत मराठी म्हणून नाव एकटीचं. तिनं माझं हे हनुवटीखालचं गुणगुणणं मागितलं. तेरा वर्षांत तिनं आपणहून आमच्या भाषेतलं मागितलेलं ते पहिलंच काही. मला त्याचा किती आनंद झाला हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आणि आनंदाच्या पाठोपाठ भीती वाटली, की हे देता आलं नाही तर ती परत काही मागणार नाही.

मी रेल्वेत आहे. पुलांचं काम बघतो. पुलावरून गाडी जाताना पूल किती हलतो आणि गाडी गेल्यावर किती वेळ हलत राहतो, हे मोजायचं आणि कागदावर उतरवायचं. गाडी निघून गेल्यावर पूल जो थरथरतो ती त्याची स्वतःची थरथर असते. ती ओळखता येते, मोजता येते, एका पुलाची दुसऱ्याला चिकटत नाही. त्या दिवशी टेबलावर तसलेच कागद पसरून मी स्वतःच्या गळ्यातली थरथर तपासत बसलो. हाती लागलं ते एवढं: चार ओळी. पहिली थोडी वर चढते आणि अडते. दुसरी आणखी वर, तिथंही अडते. तिसरी इतकी वर जाऊन अडते की ऐकणाऱ्याला वाटावं, आता हिचं काही खरं नाही. आणि चौथी सरळ खाली येऊन टेकते. मग पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक ओळीला दोन थापा. या थापा कुठून आल्या, हे मात्र मला विचार न करता माहीत होतं. त्या माझ्या पाठीवरच्या होत्या.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मिरजेला रेल्वेच्या चाळवजा क्वार्टरमध्ये, दोन खोल्यांत. वडील लोकोशेडमध्ये फिटर. आईचं नाव चंद्रप्रभा, आणि त्या भारदस्त नावाची बाई कशी दिसायची हे मला सांगता येत नाही. चेहरा म्हणून जो आठवतो तो फोटोतला आहे, माझा नाही. माझं स्वतःचं असं जे आहे ते थोडं आहे: ज्वारीच्या पिठाचा आणि कोळशाच्या धुराचा एकत्र वास, गालाला टोचणारा पदराचा काठ, पाठीवरचा हात, हाताबरोबर वाजणाऱ्या बांगड्या, आणि ही चाल. लोक आईचं काय काय सांगतात, माझी आई असं म्हणायची, तसं करायची. मी अशा वेळी गप्प बसतो आणि मनातल्या मनात म्हणतो, माझी आई गायची. कुणाला सांगितलेलं नाही, पण चाळीस वर्षं हा माझा ठेवा होता. आणि आता मुलगी त्याचं नाव विचारत होती, तर मला नावगाव काहीच ठाऊक नव्हतं.

विनीता, माझी बायको, अमरावतीची आणि व्यवहारी. तिनं ऐकून घेतलं, मला दोनदा गुणगुणायला लावलं आणि म्हणाली की अहो, यात गाण्यासारखं आहे काय, एखादं सोपं बालगीत बसवून द्या, माझ्याकडे कॅसेट आहे. कॅसेट लावलीही. अबोलीनं एक कडवं ऐकलं, शिष्टपणे मान हलवली, आणि "ये सब तो कैसेट वाला है, मम्मी" म्हणून अभ्यासाला निघून गेली. तिच्या वर्गातल्या बंगाली मुलीच्या आजीनं म्हणे नातीला शिकवायला कानपूरहून येऊन मुक्काम ठोकला होता. केरळच्या मुलाची आई स्वतः गात होती. आमच्या घरातून जावं तर घरातलंच जावं, एवढं तिनं ठरवलेलं दिसत होतं. हट्टीपणा माझ्याकडून आलाय असं विनीता म्हणते आणि ते खरं आहे. शाळेला सोमवारपर्यंत गाण्याचं नाव कळवायचं होतं, कार्यक्रमपत्रिका छापायला जाणार होती. नाही कळवलं तर अबोली समूहनृत्यात मागच्या रांगेत.

तेव्हा मी गोपीनाथरावांकडे गेलो. गोपीनाथराव हवाई दलातून निवृत्त होऊन जानकीपुरमला घर बांधून राहिलेले. गणेशोत्सवात आम्हा मराठी मंडळींची सगळी गाणी त्यांच्या पेटीवर चालतात, आणि त्यांना येत नाही असं मराठी गाणं जन्माला यायचं आहे, असं ते स्वतःच सांगतात. मी गुणगुणलो. त्यांनी डोळे मिटले, पेटीवर बोटं ठेवली आणि दोन मिनिटांत निकाल दिला: नाटकातलं पद आहे. वाजवून दाखवलं. सुरुवात पटण्यासारखी होती, पण तिसऱ्या ओळीत त्यांचं पद ऐटीत वळण घेऊन भलतीकडेच गेलं. मी म्हटलं, हे नाही. मग त्यांनी भावगीत काढलं. तेही नाही. मग अभंग. प्रत्येक वेळी ते माझी चाल मनगटाला धरून आपल्या माहितीच्या घराकडे ओढत होते आणि ती दारातून परत फिरत होती. शेवटी दमून त्यांनी पेटीचा भाता लावला, चहा मागवला, आणि जरा वेळानं म्हणाले, "गजेंद्रराव, हे काही गवयाचं काम वाटत नाही. गवई तिसऱ्या ओळीला टाळी घेतो. तुमचं हे तीन वेळा पाय उचलतं आणि चौथ्यांदा ठेवतं. कुणीतरी काहीतरी पुरं करत असल्यासारखं." मला ते बोलणं आवडलं, पण त्यानं माझं काम होत नव्हतं. स्कूटरवरून घरी येताना माझ्या लक्षात आलं की मी नाटकातलं पद गुणगुणतो आहे.

तिथून माझी झोप उडाली म्हणायला हरकत नाही. कारण चाल बिघडायला लागली. ऑफिसात रमाकांत शुक्ला म्हणून माझा सहकारी आहे, जुन्या सिनेमाचा नादिष्ट. त्यानं ऐकताक्षणी "अरे साहब, ये तो फ़लाँ फ़िल्म का है" म्हणून एक गाणं म्हणून दाखवलं आणि चौथी ओळ त्या गाण्यानं खाल्ली. शेजारच्या मिश्राबाईंना त्यात बाळ झाल्यावर बायका म्हणतात ते गाणं ऐकू आलं. त्यांच्या दुसऱ्या ओळीचा हेलकावा माझ्या दुसऱ्या ओळीत शिरला. ज्याला विचारावं तो आपलं काहीतरी त्यात ठेवून जात होता. चाळीस वर्षं मी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, म्हणून ती शाबूत होती; आता दिवसाला दहादा तिला बाहेर काढून हाताळत होतो आणि ती झिजत होती. दाढी करताना हनुवटी वर केली की मी कान देऊन ऐकायचो, आणि ऐकतोय म्हटल्यावर गळा गप्प बसायचा. आपल्याच घरात आपण चोरपावलांनी वावरतोय आणि झोपेचं सोंग घेतलेला माणूस मुद्दाम उठत नाही, असं काहीतरी ते होतं. मला धास्ती पडली की गाणं सापडायच्या आधी चाल हरवणार, आणि मग आईचं म्हणून माझ्याकडे उरणार काय तर पिठाचा वास.

खरं म्हणजे सगळ्यात आधी ताईला विचारायला हवं होतं. सुलभाताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मिरजेतच असते. आईला तिनं नीट पाहिलेलं. पण विचारायला मी कचरत होतो, कारण ताईची आई वेगळी आहे. ताईची आई पाणी भरायची, ताईला कामाला लावायची, आजारपणात कण्हायची. माझी आई फक्त गायची. दोघी समोरासमोर आल्या तर माझी टिकणार नाही असं मला आतून वाटत असावं. तरी शुक्रवारी ऑफिसातून येताना एसटीडी बूथवरून फोन लावला. इकडचं तिकडचं झालं, हवापाणी झालं, आणि मी जमेल तितक्या सहज विचारलं की ताई, आई आपल्याला झोपवताना कुठलं गाणं म्हणायची गं. पलीकडे ताई हसली. "आई? आणि गाणं? तिला कुठलं रे गाणं येत होतं. आरतीलासुद्धा नुसत्या टाळ्या वाजवायची." मी म्हटलं, नीट आठव. ती म्हणाली, "गजू, मी सोळा वर्षांची होते ती गेली तेव्हा. माझी आई गाणारी असती तर मला ठाऊक नसतं का?" मग तिनं अबोलीची चौकशी केली, गुडघ्याचं सांगितलं, आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी गच्चीत बसून राहिलो. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून हिंगाच्या फोडणीचा वास येत होता, आणि मला वाटत होतं की आपल्याला कुणीतरी फसवलंय आणि तो कुणीतरी आपणच आहोत. आई गायचीच नाही. मग हा आवाज कुणाचा? शेजारच्या बाईचा असेल. रेडिओ असेल. सहा वर्षांचं पोर, आई गेलेलं. त्यानं कुठूनतरी एक चाल उचलली, पाठीवरच्या थापा उचलल्या, दोन्ही एकत्र शिवले आणि त्याला आई म्हणून नाव दिलं, असं असेल. का नसावं? पुलाच्या कामात असं होतं. आपल्याला वाटतं पूल हलतोय, आणि हलत असतो तो आपणच ठेवलेला थरथर मोजायचा डबा. मला हे पटत होतं आणि सहन होत नव्हतं. विनीता चहा घेऊन वर आली. शेजारी बसली. मी तिला पहिल्यांदाच सांगितलं की ते आईचं आहे. होतं. ती म्हणाली, आधी सांगायचं ना, मी कॅसेटचं काढलंच नसतं.

शनिवारी मी अबोलीला हाक मारली. तिला सांगणार होतो की बेटा, ते गाणं असं काही नाहीच, तू कॅसेटवालं घे. पण तोंडाला दुसरंच आलं. म्हटलं, तुला ते माझं कसं ऐकू येतं, एकदा म्हणून दाखव. ती वही बाजूला ठेवून म्हणायला लागली, शब्दांच्या जागी नुसतं हूं हूं. आणि ती चाल होती. जशीच्या तशी. नाटकाचं वळण नाही, सिनेमा नाही, मिश्राबाईंचा हेलकावा नाही. पहिली अडली, दुसरी अडली, तिसरी वर जाऊन लोंबकळली आणि चौथी येऊन टेकली. एवढंच नाही, तिचा हात मांडीवर थापा देत होता, ओळीला दोन. मी विचारलं, हे तू माझं दाढीचं ऐकून शिकलीस? ती माझ्याकडे, मी काहीतरी वेडगळ विचारल्यासारखं बघत राहिली. "आप सुलाते थे ना इससे. मैं छोटी थी तब." मला ते आठवत नव्हतं. मी तिला थोपटायचो हे आठवत होतं, विनीताची आजारपणं, तापाच्या रात्री, सगळं आठवत होतं. थोपटताना तोंडानं काय करत होतो याचा पत्ता नव्हता. म्हणजे मी हाताळून हाताळून झिजवत होतो ती माझ्याकडची प्रत. मूळ माल मुलीकडे सुखरूप होता. मला इतकं हलकं वाटलं की मी तिला काहीच सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, उद्यापर्यंत थांब.

उद्या म्हणजे रविवार, शेवटचा दिवस. सकाळी आम्ही दोघं भूतनाथ मार्केटला भाजीला गेलो. थंडीचे दिवस, मटारच्या शेंगांचे ढीग लागलेले. अबोली माझ्याबरोबर पिशवी झुलवत चालली होती आणि तिच्या डोक्यात गाणं बसल्यामुळे हूं हूं चालूच होतं. नेहमीच्या भाजीवाल्याकडे मी किलोभर मटार मागितला. त्याचं किलोचं वजन शेजारच्यानं नेलेलं. त्यानं त्याला एक शेलकी शिवी हासडली आणि म्हणाला, बाबूजी, पाव-पाव करके दे देता हूँ. एकच पावाचं वजन, तेच परत परत. पारड्यात शेंगा टाकायच्या, काटा बरोबर झाला की पिशवीत ओतायच्या आणि मोठ्यानं मोजायचं, चुकायला नको म्हणून. "पाव," तो म्हणाला. पिशवीत शेंगा पडल्या. "आधा." पुन्हा शेंगा. माझ्याशेजारी अबोलीचं हूं हूं दुसऱ्या ओळीवर अडलं होतं. "पौन." तिची तिसरी ओळ वर गेली आणि तिथं लोंबकळत राहिली. मी त्या माणसाच्या हाताकडे बघत होतो. पारडं झुकलं, शेंगा घरंगळल्या, "एक किलो," तो म्हणाला, आणि अबोलीची चाल खाली येऊन टेकली.

माझे ओठ हलायला लागले. मला कळत होतं की ते हलताहेत, आणि मी त्यांना हलवत नव्हतो. एक पाव पाव. दोन पाव अर्धा. तीन पाव पाऊण. चार पाव एक. प्रत्येक शब्द आपल्या सुरावर जाऊन असा बसला की जणू तो तिथंच होता, मीच त्याच्यावर बसलो होतो. पाव अपुरा, म्हणून सूर अडतो. अर्धा अपुरा, पाऊण तर फारच जीवघेणा अपुरा, एकाला चाटून गेलेला. आणि एक झाला की पाय जमिनीला लागतो. कुणीतरी काहीतरी पुरं करत असल्यासारखं, गोपीनाथराव म्हणाले होते. ही पावकी होती. पावाचा पाढा. माझ्या आधीच्या पिढ्या शाळेत घोकायच्या तो. मी शाळेत गेलो त्याच वर्षी नवे पैसे आले, दशमान आलं, आणि पावकी-निमकी हद्दपार झाली. आम्ही शून्य पूर्णांक पंचवीस म्हणायला शिकलो. सगळं लखनौ पालथं घालून मी गाणं शोधत होतो आणि ते गाणं नव्हतंच.

भाजीवाला पैशासाठी हात पुढे करून उभा होता. ते देऊन, मटारची पिशवी तशीच हातात धरून मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. अबोली काचेबाहेर उभी राहून मला बघत होती. ताईनं फोन उचलल्यावर मी हॅलोबिलो काही म्हटलं नाही. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, असं चालीवर म्हटलं. तिसरी ओळ माझ्या तोंडून निघायच्या आत पलीकडून ताईनं उचलली. तीन पाव पाऊण. चार पाव एक. पाच पाव सव्वा, सहा पाव दीड. ती म्हणत गेली, म्हाताऱ्या बाईच्या फाटक्या आवाजात, पण त्याच चालीत, फेऱ्यामागून फेरा. आठ पाव दोनला थांबली. मग म्हणाली, "अरे, हे होय. हे तू गाणं म्हणून विचारलंस तर मला कसं कळायचं? हे ती म्हणायचीच की. रोज म्हणायची."

मग ताईनं जे सांगितलं ते मला कधीच ठाऊक नव्हतं. आई शाळेत गेलीच नाही. तिच्या वडिलांचं किराणा दुकान, त्यामुळे मुलांना पाव-पाऊण तोंडपाठ हवंच. दिवेलागणीला ते मामांना ओट्यावर ओळीनं बसवत आणि परवचा म्हणून घेत. आई आत भाकरी थापायची. पहिली पावकी, मग अर्ध्याची निमकी, मग पाऊणकी. पण निमकी सुरू व्हायची तेव्हा तिची गाईची धार काढायची वेळ व्हायची, त्यामुळे भिंतीआडून तिला पावकी तेवढी पाठ झाली. लग्न होऊन मिरजेला आली तेव्हा आणलेली विद्या एवढीच. गाणं येत नव्हतं, ओव्या येत नव्हत्या, म्हणून पोरं झोपवायला पावकी. "मलाही त्याच्यावरच झोपवलं," ताई म्हणाली. "मी गणितात नापास व्हायची ती झालेच." मी विचारलं, सगळे असंच म्हणायचे का, याच चालीवर? "नाही रे. शाळेत आम्ही नुसतं ओरडायचो, एका सुरात. मामाही तसंच. ही चाल तिचीच." मग मी विचारलं, आठ पाव दोनच्या पुढं? कुठपर्यंत येत होती तिला? ताई म्हणाली, "काय माहीत. तू पाऊण-एकलाच गार व्हायचास. मीही दिवसभर दमलेली, तुझ्या मागोमाग झोपायचे. तिनं ती कुठं संपवली, बघायला जागं कोण असायचं?"

बूथमधून बाहेर आलो तेव्हा मी रडत होतो. मला त्याची लाज वाटली नाही. अबोलीनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "क्या हुआ, बुआ ठीक हैं ना?" मी म्हटलं ठीक आहे, गाणं सापडलं, फक्त ते गाणं नाही. घरी येईपर्यंत सगळं सांगितलं. मला भीती होती की ती हिरमुसेल. बंगाली मुलीची आजी नदीचं गाणं शिकवणार आणि आमची पाढा. पण ती रस्त्यात थांबून विचार करत राहिली. "मतलब, दादी को बस यही आता था? और उन्होंने इसी का गाना बना दिया?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग मी हेच म्हणणार. विनीतानं कार्यक्रमपत्रिकेसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि नाव काय घालायचं यावर दोघींची वादावादी झाली. शेवटी नुसतं 'पावकी' गेलं, आणि छापून आलं तेव्हा शाळेनं पुढं कंसात आपल्या मनानं 'मराठी लोकगीत' घातलं होतं. सराव करताना अबोलीची एकच अडचण व्हायची. शेवट कुठं करायचा? मी म्हटलं, आठ पाव दोनला कर, तिथपर्यंतच आपल्याला माहीत आहे. अडीच, पावणेतीन हे तिच्या तोंडात बसतही नव्हतं. ती ढाई, पौने तीन म्हणायची आणि चाल अडखळायची.

कार्यक्रम दुपारी होता, शाळेच्या मैदानावर तंबू ठोकून. गोपीनाथराव मुद्दाम आले होते, पेटी न घेता. अबोलीनं विनीताची जांभळी साडी नेसली होती आणि ती तिला फार मोठी झाली होती. माइकशी उभी राहून ती म्हणाली, "ये मेरी दादी का है. दादी का नाम चंद्रप्रभा था." बस एवढंच. मग एक हात मांडीवर ठेवून थापा देत तिनं सुरू केलं. एक पाव पाव. लोकांना काय चाललंय कळत नव्हतं, पण तिसऱ्या ओळीला सगळा तंबू तिच्याबरोबर अडायला लागला आणि चौथीला सुटायला लागला हे मला पाठीमागून ऐकू येत होतं. पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन. आठ पाव दोन. मी टाळ्यांसाठी हात उचलले. अबोलीनं श्वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि थांबली नाही. नऊ पाव सव्वादोन. विनीता माझ्या कानाशी पुटपुटली की अहो, ही पुढं चाललीय. दहा पाव. इथं ती क्षणभर घुटमळली, आणि मग स्पष्ट, मिरजेच्या माणसानं म्हणावं तसं, "अडीच" म्हणाली. ही तयारी तिनं केव्हा केली, कुणाजवळ केली, मला माहीत नाही. अकरा पाव पावणेतीन. बारा पाव तीन.

भर दुपारी, पालकांच्या गर्दीत, लोखंडी खुर्चीवर बसून मला झोप यायला लागली. पापण्या जड झाल्या, पाठीवर हात पडतोय असं वाटलं, बांगड्या वाजल्या. नेहमी इथंच कुठंतरी, किंवा याच्या फार आधी, मी झोपून गेलो होतो आणि ती एकटीच पुढं म्हणत राहिली होती. मी मांडीला चिमटा काढला. "तेरा पाव सव्वातीन," अबोली म्हणाली, आणि मी जागा राहून ऐकत होतो.